जाऊबाईंची गोल अक्षरं

माझ्या जाऊबाई दिसायला अगदी गरीब. लहानखुऱ्या, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, बोलणं हळू. रस्त्यात समोर आल्या तर तुम्ही बाजूला होऊन वाट द्याल आणि जरा पुढे गेल्यावर विसरूनही जाल. पण त्या बाईनं आमच्या ह्यांची जी जिरवली ना, तशी कुणी कुणाची जिरवलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आमचे हे म्हणजे माझा नवरा, जाऊबाईंचा धाकटा दीर. नवऱ्याची फजिती बायकोनं अशी चवीनं सांगू नये म्हणतात. म्हणू देत. मी सांगणार.

आमचा धंदा पाट्यांचा. दारावरच्या, दुकानावरच्या, दवाखान्यातल्या खोल्यांवरच्या. कारखाना म्हणायचा म्हणून कारखाना. पत्र्याच्या छपराखाली एक लांबट खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला टेकवलेले प्लास्टिकचे आणि पितळेचे पत्रे, आणि सगळ्यावर बारीक पांढरा भुगा. तो भुगा उशीवर यायचा, भातात यायचा, लेकराच्या कानात यायचा. मोठे दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मशीन चालवायचे. आमचे हे इस्त्रीचे कपडे घालून गावभर हिंडायचे आणि गिऱ्हाइकं आणायचे. बोलण्यात वस्ताद. आणि जाऊबाई कडा घासायच्या.

कडा घासणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या मशीनच्या एका हाताला पिन आणि दुसऱ्या हाताला फिरतं पातं. साच्यात अक्षराची खाच असते, तिच्यातून पिन फिरवली की तिकडे पातं तेच अक्षर पाटीत कोरतं. साचा जसा तशी पाटी. पण पातं पडलं गोल. ते कोपऱ्यात शिरणार कसं? बाजारातून आणलेल्या साच्यांतली अक्षरं टोकदार, काटकोनी. मशीन आपलं काम करून मोकळं व्हायचं आणि मग प्रत्येक अक्षराचा प्रत्येक कोपरा हातानं, कानशीनं आणि बारीक पटाशीनं काढायचा. जाऊबाईंच्या बोटांची टोकं कायम फाटलेली. चिमटीत मीठ धरलं तरी ‘स्स’ करायच्या.

एक दिवस बाई वैतागल्या. कानस टेबलावर आपटली आणि मोठ्या दिरांना म्हणाल्या, "पात्याला गोल आवडतं ना? मग अक्षरानंच गोल व्हावं. आपण मध्ये कशाला मरायचं?"

मोठे दीर हसले. "मग काढ की तू."

आणि काढली हो त्यांनी! आधी कागदावर, मग प्लायवर, शेवटी पितळेत. जाडजूड अक्षर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीचं, आणि टोकं बोटाच्या पेरासारखी गोल. कुठे अणी नाही, कुठे कोपरा नाही. पातं एकदा फिरलं की अक्षर पुरं, कानस लावायची गरज नाही. ऐकायला किती सोपं! मी शेजारी बसून बघितलंय. आडवी रेघ उभीइतकीच जाड काढली तर डोळ्याला ती जास्त जाड दिसते, म्हणून ती केसभर बारीक ठेवायची. वाटोळं अक्षर सपाट अक्षराच्याच उंचीचं काढलं तर ते बुटकं दिसतं, म्हणून त्याला वर-खाली जरासं बाहेर येऊ द्यायचं. दोन रेघा भेटतात तिथे नुसता काळा गोळा होतो, म्हणून तिथलं मांस आतून थोडं काढायचं.

"सगळं सारखं दिसायला हवं असेल ना धाकटे," त्या मला म्हणायच्या, "तर सगळं सारखं ठेवून चालत नाही. आपल्या सासूबाई दोघींना अगदी सारखं वागवायच्या. दिसायचं का तसं?"

मी पोट धरून हसायचे. सासूबाईंचा कल कुणाकडे होता ते सांगायला नकोच.

सगळ्यात छळलं ते तोंडांनी. जाड अक्षरांची तोंडं मिटायला बघतात. जवळून ठीक, पण रस्त्याच्या पलीकडून पाहिलं तर इंग्रजी तीन काय, सहा काय, आठ काय, सगळे एकाच माळेचे मणी. जाऊबाई तीनच्या आकड्याचं तोंड उघडायच्या, लांब जाऊन बघायच्या, परत येऊन आणखी उघडायच्या. मोठे दीर म्हणाले, "पुरे आता, त्याला जांभई येतेय." पण तोंड बरोबर जमेपर्यंत बाईंनी जेवणाकडे बघितलं नाही.

पहिल्यांदा ती अक्षरं दवाखान्यानं घेतली. कोपरे नाहीत म्हणजे मळ साठत नाही, एका फडक्यात पाटी लख्ख. म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय खोली सापडायला लागली. मुलं तपासणीची वाट बघताना त्या खाचांतून बोट फिरवत बसायची आणि रडायची विसरायची. मग शाळेनं घेतली, पोहण्याच्या तलावानं घेतली, बसथांब्यांवर आकडे लागले. बेकरीनं पावाच्या कागदावर छापली, सोनारानं दुकानावर लावली, बँकेनं पण मागणी केली. ती अक्षरं बघितली की माणसाला वाटायचं, इथे आपल्याला कुणी खेकसणार नाही. सगळ्या गावाला आमच्या जाऊबाईंनी चेहरा दिला होता, आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. पाटीवर काढणाऱ्याचं नाव कोण शोधतो?

मग मोठे दीर गेले. छातीत कळ आली आणि मशीनशेजारीच बसले ते बसले. घरातलं रडणं अजून थांबलं नव्हतं, तोवर आमच्या ह्यांनी कारखान्याचं कुलूप बदललं. "वहिनींना कशाला त्रास" म्हणाले. जुनी पाटी उतरवून स्वतःच्या नावाची चढवली, आणि ती कुठल्या अक्षरांत? त्याच. खाली आणखी एक ओळ, ‘अक्षरांचे निर्माते’. आयत्या बिळावर नागोबा! मी म्हटलं, "अहो, एक अक्षर तरी काढलंत का आयुष्यात? किराण्याची चिठ्ठी मला वाचता येत नाही तुमची."

"तू तुझं स्वयंपाकघर बघ," म्हणाले.

ते वाक्य मी जपून ठेवलं.

पुढे व्यापारी संघानं ह्यांचा सत्कार केला. गावाला एकसारखा चेहरा दिला म्हणून. माईक हातात आला आणि आमच्या ह्यांना चेव चढला. कसे जागून जागून रेघा ओढल्या, कसे डोळे सुजले, सगळं सांगितलं. मोठ्या दिरांचं नाव एकदा घेतलं, तेही ओझरतं. जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही अक्षरं मी काढलीत."

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. आणि आमचे हे? हसले हो! अगदी प्रेमानं हसले. "वहिनींची साथ मोठी," म्हणाले. "कडा घासाव्यात तर आमच्या वहिनींनीच. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिचारी, नवरा गेलाय, बोलते काहीबाही, असं तोंड करून वाजवल्या. जाऊबाई खाली बसल्या.

घरी येऊन मी ह्यांच्यावर ओरडणार तेवढ्यात जाऊबाईंनी मला थांबवलं. "मला त्याचा कारखाना नको," म्हणाल्या, "मशीन नको, काही नको. त्यानं चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, ही अक्षरं वहिनींची. ते वदवून घेतल्याशिवाय मी मरायची नाही, धाकटे." आणि ट्रंक उचलून निघाल्या. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेतली आणि तिथे लोकांच्या खोक्यांवर, पिंपांवर खुणा रंगवून द्यायला लागल्या.

मला वाटलं, झालं, बाई थकल्या. मी मूर्ख.

एका सकाळी मी बाजारातून येत होते. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक संडासाला नवा रंग दिला होता आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्त्रिया’, ‘पुरुष’. मी थबकलेच. काय देखणी अक्षरं! जाड, गोल टोकांची, तोंडं कशी मोकळी. पिशवी तशीच हातात घेऊन मी इस्त्रीवाल्याचा जिना चढले. खोलीत दोरीवर जुने एक्स-रे वाळत घातल्यासारखे टांगलेले. कुणाच्या बरगड्या, कुणाचं ढोपर, आणि त्यांच्या मधोमध कापून काढलेली अक्षरं. दवाखान्याच्या भंगारातून आणले होते. एक्स-रे चिवट असतो, साच्याला कागदापेक्षा बरा, रंगानं भिजत नाही. पितळेचे साचे ह्यांनी कुलपात ठेवले होते, पण अक्षरं बाईंच्या हातात होती, हाताला कसलं कुलूप घालणार?

"हे काय चालवलंय ताई? संडासावर?"

"सफाईच्या मुकादमाला फुकट करून दिलं. खूश झाला बिचारा. आयुष्यात त्याला कुणी फुकट काही दिलं नव्हतं."

"पण तुमची अक्षरं! संडासावर!"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "अक्षराला स्वतःची अब्रू नसते गं. शेजाऱ्यांची असते. दवाखान्यावर बसलं की ते दवाखान्याचं होतं, सोनारावर बसलं की सोन्याचं होतं. आता बघू कशाकशाचं होतं ते." आणि हसल्या. त्या हसण्यानं माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

मग सुरू झालं. उंदरांच्या विषाची पुडी, ढेकणांची पावडर, कचऱ्याचे डबे, मैला उपसणारी गाडी. ‘येथे थुंकू नका.’ ‘येथे लघवी करू नये.’ मूळव्याधीवाल्या वैदूच्या तंबूवर तर अशी झोकदार पाटी की राजवाड्याला शोभावी. सगळं फुकट. हातगाडीवरचे साबण विकणारे, गटारं उपसणारे, खरजेचं मलम विकणारी म्हातारी, कुणालाही बाई नाही म्हणायच्या नाहीत. आणि हातचं राखून केलेलं काम नव्हतं हो ते. त्या ‘खरूज’मधली वळणं बघायला हवी होती तुम्ही. दवाखान्याच्या पाटीपेक्षा काकणभर सरस.

आणि मी? मी बातमीदार. ह्यांना कुठलं नवीन काम मिळतंय ते जेवताना कळायचंच. सोनाराच्या नव्या दुकानाची पाटी ठरली की मी दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना सांगायचे, आणि पाटी चढायच्या आत समोरच्या मुतारीवर तीच अक्षरं दिमाखात उभी. घरभेदी म्हणा मला. म्हणाच. स्वयंपाकघर बघायला सांगितलं होतं ना, मी तिथूनच सगळं बघत होते.

गाव हसायला लागलं. आधी हळू, मग तोंड उघडून. सोनाराच्या दारात एक बाई मुलीला म्हणाली, "चल आत, इथे सोय दिसतेय." सोनार गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि वर पाटीकडे बघतच राहिला. बेकरीवाल्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या बाईंनी पावाचा कागद उलटसुलट करून विचारलं, "हा घरातल्यांसाठी आहे की उंदरांसाठी?" बेकरीवाल्याचा तिळपापड झाला. त्यानं त्याच दिवशी कागद बदलले आणि दुकानावरची पाटी पायरीवर आणून टाकली. बँकेत एक जण पाटीखाली उभा राहून नाक धरायचा आणि मित्रांना हसवायचा. साहेबांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकेक पाटी परत यायला लागली, कारखान्याच्या भिंतीला टेकून राहायला लागली. कुणाचं काम आहे ते कळायला काही पंचांग लागत नव्हतं. एका दुपारी मला बरोबर घेऊन तरातरा इस्त्रीवाल्याचा जिना चढले. मला का, तर मी साक्षीला. उंदराला मांजर साक्ष!

"वहिनी, हे बंद करा."

जाऊबाई डोळ्यापाशी एक्स-रे धरून कापत होत्या. मान वर केली नाही. "काय बंद करू?"

"ही अक्षरं. संडासावरची, विषाच्या पुडीवरची. सगळी तुम्हीच काढताय. मला माहितीये."

"मी?" आता त्यांनी मान वर केली, चष्मा नीट केला. "मला कुठे येतात भाऊजी? मी कडा घासणारी बाई. तुम्हीच सांगितलंत ना माईकवर, सगळ्यांसमोर. ही अक्षरं गावात एकाच माणसाला येतात. मग संडास कुणी रंगवले असतील, तुम्हीच सांगा."

आमच्या ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग जिना उतरून गेले, आणि खाली इस्त्रीवाल्याच्या कपड्यांच्या ढिगाला लाथ मारून त्याच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मटकन खाली बसले. "ताई! म्हणजे हे..."

"म्हणजे हेच," जाऊबाई म्हणाल्या. "वहिनींनी केलं म्हणाला, की वहिनींना अक्षरं येतात हे कबूल केलं. नाही म्हणाला, की बुडाला. आता त्याचं त्यानं ठरवावं. मला घाई नाही."

घाई नव्हती, पण झळ लागायची ती लागलीच. आमच्या घरातलं दूध निम्म्यावर आलं, भाजी मी बाजार उठताना आणायला लागले. जाऊबाईंना ते कळलं. मला जवळ बसवून म्हणाल्या, "यात तुझंही घर आहे गं. तू म्हणालीस तर थांबते."

"थांबाल तर याद राखा," मी म्हटलं.

पण थांबायला हवं होतं की काय, असं मला एकदाच वाटलं. शाळेच्या दिवशी.

लहान मुलांच्या शाळेत वर्गाच्या लांब भिंतीवर सगळी मुळाक्षरं होती. कोरलेली नव्हेत, रंगानं काढलेली, मुलाच्या छातीएवढी मोठी. मोठे दीर आणि जाऊबाई, दोघांनी एका लांब सुट्टीत ती काढली होती. दिरांनी शिडी धरायची, जाऊबाईंनी ब्रश. मग जाऊबाईंनी शिडी, दिरांनी ब्रश. भांडत, हसत, डबा तिथेच खात. मोठ्या दिरांच्या हातचं दुसरं काही उरलंच नव्हतं, मशीनवर केलेल्या पाट्या काय, त्या पात्याच्या. गावातली निम्मी पोरं त्या भिंतीवर बोट फिरवून लिहायला शिकली होती. आता तीच पोरं भिंतीकडे बोट दाखवून ‘संडासाची अक्षरं, संडासाची अक्षरं’ म्हणून फिदीफिदी हसायची आणि धडा पुढे सरकायचा नाही. मुख्याध्यापकबाई कंटाळल्या. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी भिंत पांढरी करून घेतली.

मला शिपायानं सांगितलं आणि मी जाऊबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. त्या तशाच उठल्या. वर्गात गेलो तर रंग अजून ओला होता. पांढऱ्याखालून अक्षरं अंधुक दिसत होती, पण वाळल्यावर तीही जाणार होती. जाऊबाई पोरांच्या त्या बुटक्या बाकावर बसल्या आणि रडल्या. डोळे टिपत नव्हे, मोठ्यानं, मूल रडतं तशा. मोठे दीर गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मला इतका राग आला! कुणाचा, ते कळेना. ह्यांचा, पोरांचा, जाऊबाईंचा. मी म्हटलं, "आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! झालं समाधान?"

त्यांनी हुंदका गिळला. तळहातानं तोंड पुसलं. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नाक तर गेलं. आता अपशकुन तरी पुरा होऊ दे."

त्या आठवड्यात त्यांनी पालिकेच्या सगळ्या गटारांच्या झाकणांवर अक्षरं रंगवली. एकही सोडलं नाही.

मग पालिकेनंच सभा बोलावली. खुली सभा, कुणीही येऊन बसावं. विषय एकच, गावातल्या पाट्या. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, बँकेचे साहेब, मुख्याध्यापकबाई, सोनार, सगळे पुढच्या रांगेत. आमचे हे एका बाजूला, इस्त्रीच्या कपड्यांत, पण चेहऱ्याची इस्त्री पार गेलेली. मी आणि जाऊबाई मागे, दाराजवळ. सभागृह भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

नगराध्यक्षबाई सरळ माणूस. म्हणाल्या, "गावातल्या सगळ्या सरकारी पाट्या बदलायच्या आहेत. दवाखाना, शाळा, बसथांबे, सगळ्या. काम मोठं आहे आणि कारखाना गावात एकच आहे." ह्यांनी मान वर केली. "पण," बाई म्हणाल्या, "लोक मला विचारतात, ज्याच्या डोक्यातून ही संडासाची अक्षरं निघाली, त्यालाच परत कसं काम द्यायचं? तुमच्या दारावरच लिहिलंय, अक्षरांचे निर्माते. काय उत्तर देऊ मी लोकांना?"

सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी नाक धरून आवाज काढला.

आमचे हे उभे राहिले. त्यांची मान लाल झालेली मला मागूनसुद्धा दिसत होती. मला सगळं कळत होतं. हे काम गेलं की कारखान्याला टाळं, माझ्या घरात चूल पेटायची पंचाईत. आणि शेजारी जाऊबाई, हात मांडीवर, अगदी शांत.

"अध्यक्षबाई," हे म्हणाले. घसा खाकरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सुटायला एकच वाट होती आणि ती त्यांना दिसली. दिसली तसे ते सरसावले. "यात माझा काही संबंध नाही! ही अक्षरं माझी नाहीतच मुळी. मी कधी एक रेघसुद्धा ओढली नाही, कुणालाही विचारा. ती सगळी वहिनींनी काढलेली आहेत. दवाखान्यातली पण त्यांचीच आणि संडासातली पण त्यांचीच. एक न एक अक्षर त्यांचं. माझ्या माथी कशाला मारता? ती बघा, त्या तिथे बसल्यात!"

आणि बोट दाखवलं.

सगळं सभागृह वळलं. आणि हसलं! काय हसलं! सोनार हसला, बँकेचे साहेब हसले, दाराशी उभे असलेले हमाल हसले. माझं काळीज फाटलं. इतके दिवस ज्या वाक्यासाठी बाई जगली, ते वाक्य आलं, आणि आलं ते असं, शेण लावून. मी त्यांचा हात धरायला गेले. म्हटलं, चला ताई, उठा, घरी जाऊ.

त्या उठल्या. पण दाराकडे नाही वळल्या. माझा हात बाजूला केला, ताठ उभ्या राहिल्या, आणि ज्या बाईचा आवाज मी जन्मात कधी चढलेला ऐकला नव्हता, तिनं सगळ्या हसण्याच्या वरून सांगितलं,

"भाऊजी, परत म्हणा. मागच्या लोकांना ऐकू आलं नाही."

हसणं कुठल्या कुठे पळालं. डॉक्टरांनी हळूच मान फिरवून आधी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडे. नगराध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणा," अध्यक्षबाई ह्यांना म्हणाल्या. "मोठ्यानं म्हणा."

आणि ह्यांना म्हणावं लागलं.